फॉर्ममध्ये मधुमेह विचारलेलाच नाही

पत्र थोडक्यात असं: मुलुंडच्या एका वाचक भगिनी थोड्याच आठवड्यांत पन्नास पूर्ण करतील. त्यांच्या ड्रायव्हिंग लायसन्सची मुदतही नेमकी त्या वाढदिवसालाच संपते. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची एकत्र गोळी आणि गेल्या दिवाळीपासून रात्री झोपताना इन्सुलिनचं पेन. ऐरोलीच्या एका कंपनीत त्या अकाउंट्स सांभाळतात आणि रोज स्वतः गाडी चालवत जातात. एजंट म्हणतो, "मॅडम, शुगरचं नावच काढू नका, अडकवून ठेवतील. डॉक्टरची सही मी आणून देतो, तुम्ही यायचीही गरज नाही." यजमान म्हणतात, "पुरे झाली आता गाडी, कॅब कर." त्या लिहितात, "माझी एचबीएवनसी, म्हणजे शुगरची रक्तचाचणी, ६.८ आहे, डॉक्टरांनी शाबासकी दिली. मग मी मधुमेह लपवू, की गाडी सोडू?" पत्राच्या मध्ये कुठेतरी आणखी एक ओळ आहे. मार्च एंडला रात्री आठच्या सुमाराला ऐरोली पूल उतरल्यावर वळण चुकून गाडी भांडुपच्या दिशेला लागली, एसीत घाम फुटला, पर्समधली काजूकतली खाल्ली आणि घरी आले, "पण ते दगदगीनं".

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लपवू की सोडू, हा प्रश्न तुम्ही शेवटी ठळक अक्षरांत लिहिलाय. भांडुपची ओळ मात्र जाता जाता लिहून पुढे गेला आहात. मी तिथेच अडकलो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते सोपं आहे. लपवायला लागतच नाही. रिन्यूअलच्या वेळी आपण फॉर्म १ भरतो, म्हणजे स्वतःच्या प्रकृतीबद्दलची घोषणा. त्यात मधुमेह आहे का, असा प्रश्नच नाही. प्रश्न आहेत ते असे: फिट येते का, कुठल्याही कारणानं अचानक शुद्ध हरपते किंवा घेरी येते का. चांगल्या उजेडात पंचवीस मीटरवरची गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, चष्मा असेल तर चष्मा लावून. हातापायाच्या हालचालीत किंवा ताकदीत काही दोष आहे का. लाल आणि हिरवा ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्न ऐकू येतो का. आणि शेवटी, तुमचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल असा दुसरा काही आजार आहे का. चाळिशीपुढच्या सगळ्यांना याला जोडून फॉर्म १ए लागतो, म्हणजे डॉक्टरांनी तपासून दिलेला दाखला.

म्हणजे कायद्याला तुमच्या आजाराचं नाव नकोय. गाडी चालवताना तुमचं डोकं, डोळे आणि पाय जागेवर आहेत ना, एवढंच तो विचारतो. भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह आहे असा आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा २०२३ मध्ये आलेला अंदाज आहे. एवढ्या सगळ्यांची लायसन्सं काढून घ्यायची म्हटली तर पूर्व द्रुतगती महामार्गावर मुलं क्रिकेट खेळतील. तेव्हा "शुगर आहे, अडकवतील" हे विसरा. एजंटाचं हे वाक्य त्याच्या धंद्याचं आहे. भीती जितकी मोठी, तितकी फी मोठी.

पण त्याच फॉर्ममधला पहिला प्रश्न पुन्हा वाचा. अचानक घेरी येते का, कुठल्याही कारणानं. तिथे पेन टेकवताना तुम्हाला भांडुप आठवणार. आठवावंच.

मीही बारा वर्षं मधुमेहाचं औषध घेतो, आणि लो होणं, म्हणजे रक्तातली शुगर फार खाली जाणं, काय असतं ते मला आतून ठाऊक आहे. चक्कर ही फार उशिरा येते. त्याआधी माणूस किंचित वेगळा होतो. मला एकदा आमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमननं नेहमीसारखा सलाम केला आणि मी त्याच्यावर विनाकारण खेकसलो. पार्किंगमध्ये गाडी लावली तर दोन वेळा गिअर चुकला. शर्ट पाठीला चिकटलेला. वर येऊन बोटाला टोचलं तर मशीनवर शुगर ५८, म्हणजे लो. आणि त्या क्षणापर्यंत मला ठामपणे वाटत होतं की मी बरा आहे, वॉचमनच उर्मट आहे. शुगर खाली गेली की सर्वात आधी पंचाईत होते ती मेंदूची, आणि आपण बरे आहोत की नाही हे ठरवायचं काम त्याच मेंदूकडे असतं.

एसीत फुटलेला घाम, रोजच्या रस्त्यावर चुकलेलं वळण, गोड खाल्ल्यावर आलेली हुशारी, ही चित्रं मला ओळखीची वाटतात. दगदगही असेल, नाही म्हणत नाही. त्या वेळी टोचून बघितलं नाही, त्यामुळे खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही. पण तुमच्या औषधांकडे बघता, उलट सिद्ध होईपर्यंत ते लोच होतं असं धरून चाला.

औषधाचं नाव इथे महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबतो. मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. नुसती मेटफॉर्मिन, किंवा सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांनी एकट्यानं शुगर धोक्याइतकी खाली जाणं क्वचित घडतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या घराण्यातल्या गोळ्यांचं तसं नाही. त्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेल्या असा वा नसा. त्यावर रात्रीचं पेन. म्हणजे शुगर खाली ओढणारी दोन औषधं तुमच्या अंगात आहेत, आणि त्यांना ऐरोलीच्या पुलावर ट्रॅफिक तुंबलंय हे कळत नाही. एकला डबा, चारला बिनसाखरेचा चहा, मार्च एंड म्हणून साडेसातपर्यंत ऑफिस, आठला पुलावर. ही सगळी गणितं तुम्हीच मला लिहून पाठवली आहेत, फक्त बेरीज केलेली नाही. अकाउंट्सच्या माणसाला हे मी सांगावं म्हणजे जरा धाडसच आहे.

आता त्या ६.८ बद्दल. आकडा चांगलाच आहे, डॉक्टरांची शाबासकी खरी आहे. पण एचबीएवनसी म्हणजे सुमारे तीन महिन्यांची सरासरी. सकाळी २१०, संध्याकाळी ६० असं रोज झालं तरी सरासरी देखणी येऊ शकते. किंबहुना गोळी आणि इन्सुलिन दोन्हींवर असताना आकडा जितका कसून खाली आणलेला, तितक्या लो होण्याच्या शक्यता जास्त. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला सरासरी काही सांगत नाही. त्याला हवी असते त्या घडीची शुगर, संध्याकाळी पार्किंगमधून गाडी काढायच्या आधीची.

म्हणून माझा सल्ला असा आहे, आणि तो तुम्हाला फार आवडणार नाही. दोन आठवडे गाडी नेऊ नका. कायमची नाही, दोन आठवडे. मुलुंडहून ठाणं एकच स्टेशन, ठाण्याहून वाशी किंवा पनवेल लोकल, दिघा गाव गेलं की ऐरोली. गर्दी आहे, मान्य. या दोन आठवड्यांत रोज संध्याकाळी ऑफिसातून निघायच्या आधी बोटाला टोचा आणि आकडा, वेळ, दुपारी काय खाल्लं ते तारखेसकट लिहा. काही दिवस पहाटे तीनलाही, कारण रात्रीच्या इन्सुलिनचा खाली ओढ मारायचा वेळ तोही असू शकतो. ती वही घेऊन तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा आणि भांडुपची गोष्ट न लाजता सांगा. ते गोळी बदलतील, डोस कमी करतील किंवा वेळ हलवतील. स्वतःच्या मनानं गोळी वगळू नका. आणि "आज गाडी चालवायचीय, जरा शुगर वरच असू दे" म्हणून जिलबी खाणारे लोकही मी पाहिलेत, ते तर अजिबात करू नका. शुगर फार चढली तर नजर धूसर होते, तेही रस्त्यावर नको.

डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा: मला लो झालेलं वेळेवर कळतं का? बरीच वर्षं मधुमेह असला किंवा वरचेवर लो होत असेल तर शरीर धोक्याची घंटा वाजवणं सोडून देतं. घाम नाही, थरथर नाही, थेट गोंधळ. बीपीच्या काही गोळ्याही, विशेषतः बीटा ब्लॉकर, ही धडधड आणि थरथर झाकून टाकतात. तुम्हाला घाम फुटला, म्हणजे घंटा वाजते आहे, ही चांगली बातमी. ज्यांची वाजत नाही त्यांनी गाडी बाजूला ठेवलेलीच बरी, निदान ती परत वाजायला लागेपर्यंत. आणि काही काळ लो होऊ दिलं नाही तर ती पुष्कळांची परत येते.

डॉक्टरांनी औषध लावून दिलं, संध्याकाळचे आकडे नीट आले, की मग अर्ज करा. फॉर्म १ मधल्या पहिल्या प्रश्नापुढे काय लिहायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. त्यांच्या मते ती खरोखर घेरी होती आणि पुन्हा होऊ शकते, तर "हो" लिहायचं आणि सध्या प्रकृती आटोक्यात आहे असं त्यांचं पत्र जोडायचं. त्यांच्या मते तसं काही नव्हतं, तर "नाही" लिहिताना हात थरथरायचं कारण नाही. पण "नाही" हे उत्तर एजंटाच्या सांगण्यावरून येऊ नये. सही तुमची असते. आपला आजार धोक्याचा आहे हे माहीत असून गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८६ आहे. पहिल्या वेळी हजार रुपयांपर्यंत दंड, पुढच्या वेळी दोन हजारांपर्यंत. दंड किरकोळ आहे. मला त्या कलमातला "माहीत असून" हा शब्द टोचतो, कारण तुम्ही मला पत्र लिहिलंय, म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

फॉर्म १ए ची सही एजंटाकडून मागवू नका. माझ्याच मागच्या रिन्यूअलच्या वेळी एका डॉक्टरांनी मान वर न करता शिक्का मारला. टेबलावर तशा फॉर्मांची चळत होती. नाव-गाव सोडून देतो. पन्नास सेकंदांत मी "फिट" होऊन बाहेर आलो आणि घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, मग तुझे डोळे बघितले कुणी? कुणीच नाही. दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे गेलो. डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती.

मुदतीची घाई वाटते आहे ना? ती करू नका. मुदत संपण्याआधी एक वर्षापासून ते संपल्यावर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो. ते वर्ष उलटलं तरच पुन्हा ड्रायव्हिंगची टेस्ट द्यावी लागते. म्हणजे वाढदिवस उलटून तीन आठवडे गेले तर आभाळ कोसळत नाही. फक्त त्या तीन आठवड्यांत गाडी चालवायची नाही. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत असायची, ती २०१९ च्या दुरुस्तीत गेली. जुन्या माहितीवर लोक अजून चालवत असतात. पकडलं तर पाच हजार रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याहून वाईट म्हणजे अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट दाखवायला आयती जागा.

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर होतो. जुन्या लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाकली की पुढचं ते सांगत जातं. तुमचं आरटीओ वडाळ्याचं, एमएच ०३. एजंटाची गरज एकाच माणसाला असते, ज्याचा मोबाइल नंबर लायसन्सला जोडलेला नसतो आणि ओटीपी कुठे जातोय हे कळत नाही. तोही घरातल्या कॉलेजच्या पोराला धरून बसला तर पाऊण तासात काम होतं.

आणि आता खरी गंमत. पन्नाशीला रिन्यू केलेलं लायसन्स थेट साठीपर्यंत चालतं. दहा वर्षं. तुमचे डोळे कसे आहेत, पायाला क्लच कळतो का, हे त्या दहा वर्षांत तुम्हाला बहुधा कुणी विचारणार नाही. ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांना मोटारीचं लायसन्स एक ते तीन वर्षांसाठीच मिळतं आणि दर वेळी प्रकृतीची माहिती नव्यानं द्यावी लागते. आपल्याकडे तसा नियम नाही. तेव्हा तो नियम आपला आपणच करायचा. दर वाढदिवसाला, लायसन्सच्या तारखेला, तीन गोष्टी. डोळ्याची बाहुली मोठी करणारे थेंब घालून रेटिनाची (आतल्या पडद्याची) तपासणी, आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवायची, कारण थेंबांनी काही तास डोळे दिपतात. रेटिनाला लेझर झालं असेल तर रात्रीचं आणि कडेचं दिसणं कमी होऊ शकतं, ते नेत्रतज्ज्ञांना स्पष्ट विचारा. दुसरं, तळपायांची तपासणी. तळव्यावर बारीक तार टेकवून संवेदना बघतात, दोन मिनिटांचं काम. ब्रेकवर पाय आहे की ॲक्सिलरेटरवर, हे खाली वाकून बघावं लागत असेल तर गाडी थांबवायची वेळ झाली. तिसरं, एचबीएवनसीबरोबर संध्याकाळच्या आकड्यांची वही. इन्सुलिन नुकतंच सुरू झालेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. शुगर झपाट्यानं खाली आली की काही आठवडे चष्म्याचा नंबर हललेला वाटतो. तेवढ्यासाठी नवा चष्मा करू नका, आणि नीट दिसेपर्यंत गाडीही नको.

पुन्हा गाडी सुरू कराल तेव्हाची शिस्त सांगतो. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला तर त्यांचाच धरा. निघण्यापूर्वी टोचायचं. ९० च्या वर असेल तर निघा. ७० ते ९० मध्ये असेल तर आधी काहीतरी खा, मग निघा. ७० च्या खाली असेल तर किल्ली पर्समध्येच राहू दे. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा टोचा. आणि ९० च्या वर आल्यानंतरही पाऊण तास थांबा, कारण रक्तातली शुगर वर आली तरी मेंदू मागाहून येतो. हा पाऊण तास सगळ्यांना जड जातो. घरचे वाट बघत असतात, ऑफिसचा वॉचमन लाइट बंद करत असतो. तरीही थांबायचं. लांबच्या प्रवासाला, पुणं किंवा कोकण, दर दोन तासांनी पुन्हा टोचायचं. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर घसरत असताना ती मिनिटं महाग पडतात.

चालवताना शंका आली तर शहानिशा करत बसू नका. इंडिकेटर, डावी कड, धोक्याचे चारही दिवे, इंजिन बंद, किल्ली काढायची, आणि शक्य असेल तर शेजारच्या सीटवर सरकायचं, म्हणजे गोंधळलेला हात पुन्हा किल्लीकडे जात नाही. मग साखर. सी लिंक किंवा अटल सेतूसारख्या, जिथे थांबणं मनाई आहे अशा रस्त्याला लागायच्या आधीच टोचून घेतलेलं बरं. अटल सेतू जवळपास बावीस किलोमीटर आहे, मध्ये कुठे "जरा थांबते" म्हणायची सोय नाही.

ती काजूकतली मात्र पर्समधून काढा. काजूतल्या स्निग्धामुळे तिची साखर रक्तात उशिरा पोचते. चॉकलेटचं तेच. ग्लुकोजच्या पुडीचा छोटा डबा आणि पाण्याची बाटली डॅशबोर्डच्या कप्प्यात नाही, हाताशी ठेवा. इन्सुलिनचं पेन आणि मशीनच्या पट्ट्या मात्र गाडीत ठेवू नका. मे महिन्यात बंद गाडी भट्टी होते, दोन्ही खराब होतात. आणि संध्याकाळी सहाला, मार्च एंड असो नाहीतर नसो, डब्यातली अर्धी पोळी किंवा मूठभर चणे.

टॅक्सी, रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ. तुमचं लायसन्स पाच वर्षांचं असतं आणि फॉर्म १ए कुठल्याही वयाला लागतो. नोकरी जाईल म्हणून मालकापासून इन्सुलिन लपवणारे पुष्कळ आहेत, मी त्यांना दोष देत नाही. पण लो न करणारी औषधं आहेत. डॉक्टरांना "मी दिवसाचे बारा तास चालवतो" हे सांगितलंत तर औषध निवडताना ते त्यांना उपयोगी पडतं. सहसा कुणी सांगतच नाही.

राहिले तुमचे यजमान. "पुरे झाली गाडी" यात काळजी आहे, ती नाकारू नका. भांडुपची गोष्ट त्यांना सांगितली आहेत का? पत्रावरून तरी वाटत नाही. सांगा. आणि वही दाखवा, म्हणजे बोलणं आकड्यांवर येईल. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिलंय की त्यांना बीपी आहे, चष्मा चार वर्षांत बदललेला नाही, आणि रविवारी गाडी तेच चालवतात. तेव्हा पंचवीस मीटर म्हणजे साधारण सहा गाड्या एकापुढे एक लावल्या तर होतं तेवढं अंतर. रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजा, समोरची कुठलीही नंबरप्लेट आधी तुम्ही वाचा, मग त्यांना वाचायला सांगा.